राग खरा आहे, पत्ता चुकलाय

मावशी, नमस्कार. तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. मी ३६ वर्षांची, घरात नवरा, नऊ वर्षांचा मुलगा आणि माझे बाबा, वय ७४. बाबांनी २९ वर्षं छापखान्यात कंपोझिटर म्हणून, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं (खिळे) जुळवायचं काम केलं, मग पंचवीस वर्षांपूर्वी नवीन मशीन आली आणि एका महिन्यात त्यांचं अख्खं खातं बंद झालं. गेल्या दोन वर्षांत आमच्या वस्तीत बाहेरून बरीच कुटुंबं राहायला आलीत, भाषा वेगळी, राहणी वेगळी. मागच्या महिन्यात दोन घरफोड्या झाल्या आणि तेव्हापासून ग्रुपवर रोज 'त्यांच्या'बद्दल मेसेज. त्यातले निम्मे माझे बाबा टाकतात. आता कमिटीत ठराव येतोय की त्या लोकांना घरं भाड्याने द्यायची नाहीत आणि त्यांच्या मुलांना आपल्या मैदानात येऊ द्यायचं नाही. माझ्या मुलाचा सगळ्यात जवळचा मित्र त्यांच्यातलाच आहे. परवा मुलाने विचारलं, 'आई, तो चोर आहे का?' मला बोलताच आलं नाही. ग्रुपवर मी आजपर्यंत एक शब्द लिहिलेला नाही. बाबांशी भांडू की सोडून देऊ? आणि माणसं अशी का होतात हो? हेच सगळे पाच वर्षांपूर्वी किती चांगले होते. सोबत दोन-तीन मेसेज पाठवतेय. – गप्प बसलेली


अगं, नाव तर मोठं झकास घेतलंयस, पण इतकं सविस्तर पत्र लिहिणारी बाई गप्प कुठली. मावशी म्हणतेस म्हणून सरळ अगंतुगं करतेय, चालेल ना.

तुझ्या पत्रात 'ते लोक' नेमके कोण, कुठून आले, हे तू लिहिलंच नाहीस. मुद्दाम की राहून गेलं माहीत नाही, पण बरं झालं. कारण तू पाठवलेले मेसेज वाचताना मी मनातल्या मनात त्यात वेगवेगळी नावं घालून बघितली आणि दरवेळी मेसेज चपखल बसला, एक अक्षर बदलावं लागलं नाही. घाण करतात, पोरं फार आहेत, आपल्या मुलींकडे बघतात, एकमेकांना धरून असतात, चोऱ्या करतात. हेच्या हेच शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी तिसऱ्याच देशात चौथ्याच लोकांबद्दल लिहिलेलं सापडेल. आता ज्या मेसेजमधलं नाव बदललं तरी काही बिघडत नाही त्यात त्या लोकांची माहिती ती काय असणार?

बाबांचं आधी बोलू, कारण तुझं खरं दुखणं ग्रुप नाहीये, बाबा आहेत. आणि मी जरा त्यांच्या बाजूने बोलणार आहे, रागावू नकोस.

मी टायपिस्ट होते. आमच्या ऑफिसात आम्ही सहा जणी, मशीनच्या आवाजात दिवसभर कान बधीर, पण स्पीडचा काय माज होता म्हणून सांगू. मग कॉम्प्युटर आले आणि त्यांच्याबरोबर दोन नवीन मुली आल्या, कोर्स करून आलेल्या, वीस-बावीसच्या. आम्ही त्या दोघींशी चार महिने बोललो नाही. जेवायला त्या बसल्या की आम्ही उठायचो. कुणीतरी म्हणालं यांचं वरती सेटिंग आहे, आणि मी, हो मीच, ते आणखी दोन डिपार्टमेंटमध्ये सांगून आले, बघितलं काहीच नव्हतं. आणि ज्या साहेबांनी आमच्या जागा कमी करायच्या कागदावर सही केली त्यांना आम्ही रोज सकाळी हसून गुड मॉर्निंग म्हणत होतो. वड्याचं तेल वांग्यावर. साहेबांवर राग काढायची सोय नव्हती ना, त्या पोरींवर होती.

तर तुझ्या बाबांचं मला कळतं. २९ वर्षं खिळे जुळवणं म्हणजे काय असतं माहितीये का तुला? उलटी अक्षरं सरळ वाचता येणारी माणसं होती ती, बोटांना खाच लागली की न बघता कळायचं खिळा सुलटा आहे का उलटा. ते सगळं एका महिन्यात कवडीमोल झालं आणि कुणी त्यांना नीट समजावूनही सांगितलं नसणार. तो राग पंचवीस वर्षं जुना आहे गं. ही माणसं दोन वर्षांपूर्वी आलीत.

हे काही तुझ्याच घरात घडलेलं नाही. १८११ मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या आसपास विणकर रात्री टोळ्या करून निघायचे आणि माग फोडायचे, लडाइट म्हणतात त्यांना. आज कॉम्प्युटर येत नाही अशा माणसाला हसून लडाइट म्हणायची फॅशन आहे पण ते लोक यंत्राला घाबरणारे अडाणी नव्हतेच, उलट यंत्रावर काम करणारे कसबी कारागीर होते. त्यांचा आक्षेप मजुरी पाडण्यावर होता, हलका माल काढून बाजार बिघडवण्यावर होता, न शिकलेल्या माणसांना कमी पैशात लावण्यावर होता. १८१२ मध्ये सरकारने काय केलं, तर माग फोडणाऱ्याला फाशी असा कायदाच केला, आणि १८१३ च्या जानेवारीत यॉर्कमध्ये १७ जणांना लटकवलं. मी तोडफोडीची वकिली करत नाहीये. पण त्यांचा राग निदान कारणाच्या आसपास तरी पोचला होता.

आता दुसरं बघ. १८९३ चा ऑगस्ट, दक्षिण फ्रान्समधलं एग-मोर्त, तिथे मोठी मिठागरं. मिठाच्या हंगामात कंपनी फ्रेंच आणि इटालियन मजुरांच्या मिश्र टोळ्या लावायची आणि मजुरी मीठ जेवढं वाहाल तेवढी. त्या वर्षी बेकारी फार, फ्रेंच मजुरांमध्ये बरेच जण कामाच्या शोधात भटकणारे, त्यांना त्या कामाची सवय नाही, इटालियन सराईत, म्हणजे एकाच टोळीत एकाचा वेग दुसऱ्याच्या पोटावर येणार हे उघडच होतं, आणि ती पद्धत मजुरांनी ठरवली नव्हती, कंपनीने ठरवली होती. भांडण झालं, मग अफवा उठली की इटालियनांनी फ्रेंच मजुरांना ठार मारलंय, जे खोटं होतं, आणि दोन दिवस जमावाने इटालियन मजुरांना दांडके, फावडी घेऊन हाणलं. सरकारी आकड्यानेच किमान आठ मेले. खटला चालला आणि सगळे आरोपी निर्दोष सुटले. मजुरीची पद्धत ज्यांनी ठरवली त्यांच्या ऑफिसवर कुणी गेलं नाही.

दोन्हीकडे राग खराच होता, फरक पत्त्याचा. तुझ्या बाबांच्या पाकिटावर पत्ता चुकलाय आणि तू आतलं पत्रच फाडायला निघालीस तर ते तुला घरात घेणार नाहीत, म्हणजे मनात म्हणतेय मी. म्हणून 'बाबा तुम्ही किती वाईट विचार करता' इथून सुरुवात करू नकोस. मी स्वतः हा प्रयोग माझ्या भावावर केलाय, आठ वर्षं आमचं बोलणं बंद होतं, त्यामुळे अनुभवाचे बोल आहेत.

मग सुरुवात कुठून? अमेरिकेत ब्रूकमन आणि कॅला म्हणून दोघा संशोधकांचा अभ्यास २०१६ मध्ये छापून आला. मायामीत कार्यकर्ते घरोघरी जाऊन ट्रान्सजेंडर लोकांबद्दल साधारण दहा मिनिटं बोलायचे. पण भाषण नाही द्यायचे. ते विचारायचे, तुम्हाला कधी कुणी न ओळखता पारखलंय का, वेगळे आहात म्हणून कुणी वाईट वागवलंय का, आणि मग ऐकत बसायचे. लोक स्वतःचं सांगता सांगता स्वतःच जोडून घ्यायचे. तीन महिन्यांनी बघितलं तरी फरक टिकून होता. सगळे काही पालटले नाहीत, पण दहा मिनिटांच्या मानाने बराच फरक पडला. तर बाबांना विचार, खातं बंद झालं तेव्हा काय झालं? शेवटच्या दिवशी कोण काय म्हणालं? त्यानंतर नोकरी शोधताना लोकांनी 'आता या वयात तुम्हाला काय जमणार' म्हटलं असेल ना? तू तेव्हा अकरा-बारा वर्षांची असशील, तुला हे कुणी सांगितलंच नसेल. विचार आणि ऐक. मध्येच 'बघा, मग ते लोकही...' असं करून धडा शिकवू नकोस हं, ती घाई आपल्याला फार असते. एका बैठकीत नाही होणार, दोन-तीन वेळा बसावं लागेल.

आता ग्रुपकडे येऊ. माणसं अशी का होतात असं तू विचारलंस. माझं मत सांगते. ती 'अशी' होत नाहीत, घाबरतात, आणि भीतीला कारण लागतं.

१५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये भयंकर भूकंप झाला. जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्रज्ञ त्यानंतरच्या अफवा गोळा करत होते, आणि त्यांना गंमत दिसली, गंमत म्हणजे विचित्रपणा. ज्या भागात धक्का जाणवला पण पडझड काही झाली नव्हती, तिथे अफवा होत्या त्या आणखी मोठं संकट येणार अशा. खरं तर वाचलेल्या माणसांनी सुटलो बुवा म्हणायला हवं. पुढे १९५७ मध्ये लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने त्याचा अर्थ असा लावला की भीती आधीच अंगात शिरलेली होती आणि समोर भिण्यासारखं काही दिसत नव्हतं, मग तिला शोभेलशी गोष्ट लोकांनी तयार केली. तुमच्याकडे तेच चाललंय असं मला वाटतं. दोन घरफोड्या खऱ्या आहेत. पण भीती दोन घरफोड्यांपेक्षा खूप मोठी आहे, ती वस्ती बदलण्याची आहे, आपलं वय झाल्याची आहे, मुलं लांब गेल्याची आहे, आणि एवढ्या भीतीला दोन चोऱ्या पुरत नाहीत, म्हणून रोज नवीन मेसेज लागतो.

हे कुठपर्यंत जाऊ शकतं तेही बघ. १ सप्टेंबर १९२३ ला जपानमध्ये कांतोचा भूकंप झाला, तोक्यो आणि योकोहामा जळून गेले, एक लाखाच्या वर माणसं मेली. काही तासांत अफवा, की कोरियन लोक विहिरीत विष टाकतायत, आगी लावतायत. सरकारी खात्यांनीसुद्धा ती पुढे पाठवली, म्हणजे अफवेवर शिक्का बसला. मग गल्लीगल्लीत पहारेकरी टोळ्या, जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून १५ येन ५० सेन हे शब्द म्हणायला लावायचे, उच्चार चुकला की संपलं. हजारो कोरियन मारले गेले, त्यात काही चिनी आणि नुसते बोली वेगळी असलेले जपानी पण. ते पहारेकरी कोण होते तर शेजारीपाजारी, दुकानदार, विद्यार्थी. त्याच गोंधळात त्सुरुमीच्या पोलीस चौकीचा प्रमुख ओकावा त्सुनेकिची याने सुमारे ३०० कोरियन लोकांना चौकीत घेतलं आणि बाहेरच्या जमावासमोर उभा राहिला. विषारी म्हणून आणलेलं पाणी त्याने सगळ्यांदेखत पिऊन दाखवलं असं सांगतात.

तुझ्या ग्रुपची त्याच्याशी बरोबरी करत नाहीये, घाबरू नकोस. पण एक सांगते, ज्या दिवशी ग्रुपवर कुणाचा फोटो, घर नंबर किंवा 'यांना धडा शिकवू' असं काही आलं, त्या दिवशी माझा बाकीचा सल्ला बाजूला ठेव, स्क्रीनशॉट काढ आणि पोलिसांना लेखी दे. तेव्हा गप्पा नाहीत, बाबांचा मान नाही, काही नाही.

आणि अजून एक जुनं. १३४८-४९ मध्ये युरोपात प्लेग आला तेव्हा ज्यूंनी विहिरीत विष टाकलं अशी आवई उठली (विहीर आणि विष, बघ, सहाशे वर्षांत स्टोरीसुद्धा नवीन सुचत नाही लोकांना). पोप सहावा क्लेमेंट याने १३४८ मध्येच फतवा काढून साधा मुद्दा मांडला, की अहो ज्यू स्वतःही याच रोगाने मरतायत, आणि जिथे ज्यू नाहीतच तिथेही रोग आहे. इतकं सरळ. तरी १४ फेब्रुवारी १३४९ ला स्ट्रासबर्गमध्ये शेकडो ज्यूंना जाळलं, आणि तिथे प्लेग तोपर्यंत पोचलापण नव्हता. त्यानंतर काय झालं? लोकांनी ज्यूंकडून घेतलेली कर्जं माफ झाली, रोख रक्कम वाटून घेतली. म्हणून तुमच्या ठरावाकडे जरा त्या डोळ्याने बघ. ती घरं रिकामी झाली तर कुणाला हवीयेत? मैदानावर कुणाचा डोळा आहे? नसेलही काही, बहुतेक जण मनापासून घाबरलेलेच असतात, पण एखाद-दुसरा न घाबरलेला असतो आणि तोच सगळ्यात जास्त टाइप करतो.

आता तुझं गप्प बसणं. रागावत नाही तुझ्यावर, पण ते निरुपद्रवी आहे असं समजू नकोस. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास एक प्रयोग केला, लहान मुलालाही कळेल इतका सोपा, तीन रेघांपैकी कुठली रेघ समोरच्या रेघेएवढी ते सांगायचं. खोलीत बाकीचे सगळे आतून मिळालेले, ते मुद्दाम एकमुखाने चुकीचं उत्तर द्यायचे. बिचाऱ्या खऱ्या माणसांपैकी साधारण तीन चतुर्थांश लोक एकदा तरी डोळ्यांनी दिसणारं सोडून घोळक्याबरोबर गेले. पण मला आवडतो तो पुढचा भाग. खोलीत फक्त एक जण बरोबर उत्तर देणारा ठेवला की ही मान डोलावणी एकदम चौथ्या हिश्शावर आली. तो एक जण हुशार असायची गरज नाही, वक्ता असायची गरज नाही, नुसता दुसरा आवाज.

तुमच्या ग्रुपमध्ये किती जण आहेत, दीडशे? त्यातले मेसेज टाकणारे मोज बरं. मी पैजेवर सांगते बारा-पंधरा निघतील. बाकीचे सगळे तुझ्यासारखे, आणि प्रत्येकाला वाटतंय की मी सोडून सगळ्यांना हे पटतंय. तू त्यांना बाराजणांमध्ये मोजतेस आणि ते तुला.

म्हणून एक मेसेज टाक. निबंध नको, इतिहास नको (तो मी इथे पाजळलाय तेवढा पुरे), कुणाला उत्तर म्हणून पण नको, विशेषतः बाबांना उत्तर म्हणून तर अजिबात नको. साधं लिही, 'घरफोडी कुणी केली ते पोलिसांना अजून कळलेलं नाही, तोवर कुणाचं नाव घेऊ नये असं मला वाटतं.' बस. नंतर वीस जण तुटून पडले तरी उत्तर देत बसू नकोस, फोन पालथा ठेव. त्या मेसेजचं काम वादात जिंकणं नाहीच, बाकीच्या शंभरेक गप्प लोकांना दिसणं एवढंच आहे. आणि टाकायच्या आधी एका तरी माणसाशी प्रत्यक्ष बोलून ठेव, जो खाली नुसतं 'सहमत' लिहील. कुणीतरी असेलच. तुला वैयक्तिक मेसेज येतील दोन-चार, 'बरं झालं बोललीस' म्हणून, ते जपून ठेव, मीटिंगला उपयोगी पडतील.

ठरावाबद्दल मला जास्त काळजी आहे, मेसेजपेक्षा. का ते सांगते. स्टॅनफर्डचे प्राध्यापक रिचर्ड लापिएर १९३० च्या सुमारास एका तरुण चिनी जोडप्याबरोबर अमेरिकाभर गाडीने फिरले. तेव्हा तिथे चिनी लोकांविरुद्ध वातावरण फार वाईट. २५१ हॉटेलं-खाणावळींत गेले आणि फक्त एका ठिकाणी नकार मिळाला. सहा महिन्यांनी त्याच जागांना पत्र पाठवून विचारलं, चिनी गिऱ्हाईक घ्याल का? १२८ उत्तरं आली, नव्वद टक्क्यांहून जास्त म्हणाले नाही. म्हणजे दारात हसरं जोडपं उभं राहिलं की माणूस विरघळतो, आणि कागदावर 'ते लोक' लिहिलं की नाही म्हणतो. हे १९३४ मध्ये छापून आलं तेव्हापासून विद्वान लोक त्याच्या पद्धतीवर भांडतायत, भांडोत. मला त्यातून तुझ्यापुरतं एवढं दिसतं की तुझे बाबा त्या मित्राच्या आईला जिन्यात भेटल्यावर नक्की बाजूला होऊन वाट देत असतील. पण ठराव बाजूला होत नाही. एकदा कागद झाला की वॉचमनला तो पाळावाच लागतो, आणि उद्या ज्यांनी हात वर केला त्यांना स्वतःला वाईट वाटलं तरी 'कमिटीचा निर्णय आहे' म्हणून सुटता येतं.

कागद मागे घ्यायला किती वेळ लागतो तेही सांगते. १९४२ मध्ये अमेरिकेने जपानी वंशाच्या साधारण १,२०,००० लोकांना घरातून उचलून छावण्यांत नेलं, त्यात बहुतेक तिथलेच नागरिक, एका सहीवर. १९८३ मध्ये सरकारनेच नेमलेल्या आयोगाने कारणं सांगितली, वंशद्वेष, युद्धाचा उन्माद आणि राजकीय नेतृत्वाचं अपयश. माफी आणि भरपाई १९८८ मध्ये. सेहेचाळीस वर्षं. तोवर कितीतरी जण गेलेही.

तर मीटिंगला ठराव थांबवायचा प्रयत्न कर. ठराव नुसता वाईट आहे म्हणून थांबणार नाही, त्याच्या जागी काहीतरी ठेवावं लागेल, कारण लोक घाबरलेत आणि त्यांना काहीतरी केल्यासारखं वाटायला हवंय. दिवे, कॅमेरा, रात्रीची गस्त, जे काय असेल ते. आणि गस्तीत त्या नवीन घरातले लोकही घ्या. त्यांच्याकडे काही चोरीला गेलंय का हे कुणी विचारलंय का गं आजवर? चोराला काय, तो कुलूप बघतो.

'सगळ्यांची ओळख व्हावी' म्हणून एखादं गेट-टुगेदर ठेवायची आयडिया कुणीतरी काढेल बघ. वाईट नाही, पण तेवढ्याने होत नाही. १९५४ मध्ये मुझफ्फर शेरीफ यांनी ओक्लाहोमातल्या एका कॅम्पवर २२ मुलांच्या दोन टोळ्या करून त्यांच्यात आधी स्पर्धा लावली, पोरं एकमेकांच्या जिवावर उठली. मग नुसतं एकत्र जेवायला बसवलं, तर ताटातलंच एकमेकांना फेकून मारायला लागली. फरक पडला तो कॅम्पचं पाणी बंद झाल्यावर, मग सगळ्यांना मिळून बिघाड शोधावा लागला. (त्या प्रयोगात मोठ्यांनी पडद्यामागून बऱ्याच काड्या केल्या होत्या असं पुढे उघड झालं, त्यामुळे अगदी वेदवाक्य समजू नकोस.) याहून मला डॉइच आणि कॉलिन्स यांचा अभ्यास जास्त पटतो, १९५१ चा, कारण तो तुमच्यासारख्याच घरांमधला आहे. न्यूयॉर्कमध्ये गोरी आणि काळी कुटुंबं एकाच इमारतीत मिसळून राहत होती, जवळच्या नूअर्कमध्ये त्यांना वेगवेगळ्या इमारती दिलेल्या. दोन्हीकडच्या गोऱ्या गृहिणींना विचारलं, तर मिसळून राहणाऱ्या बायकांच्या मनातली अढी बरीच कमी झालेली, शेजारणीशी मैत्रीही जास्त. एकाच वसाहतीत पण वेगळ्या इमारतीत राहून ते झालं नाही. आणि तुमचा ठराव तर न्यूयॉर्क मोडून नूअर्क करायला निघालाय.

उद्या त्यांच्यातलाच कुणी चोर निघाला तर, हे तुझ्या मनात येतंय ना? निघू शकतो. माणसं आहेत, चोर निघेल, तसा जुन्या घरांतलाही निघेल. निघाला तर त्या माणसावर केस होईल. सुक्याबरोबर ओलं जाळायचं नाही एवढंच आपलं म्हणणं आहे, त्या लोकांना देवमाणसं ठरवायचा ठेका आपण घेतलेला नाही. कचरा, आवाज, गाड्या लावणं यावरच्या तक्रारी खऱ्या असतील तर त्या करायच्याच, घर नंबर घेऊन करायच्या, भाषा घेऊन नाही. नवीन लोकांची प्रत्येक गोष्ट झाकायला गेलीस तर बाबा म्हणतील बघ, हिला दिसतच नाही, आणि तुझं बाकीचं सगळं वाया.

मुलाचं मी मागे ठेवलं, पण करायचं ते आजच. त्याने प्रश्न विचारला आणि तू गप्प बसलीस, म्हणजे त्याला उत्तर मिळालंय आणि ते चुकीचं आहे. आज त्याला जवळ घेऊन सांग, नाही, तो चोर नाहीये, चोरी कुणी केली ते कुणालाच माहीत नाही, लोक घाबरले की असं बोलतात, तू आणि तो खेळा. बाबांसमोर सांगितलंस तरी चालेल, आवाज न चढवता. आणि मित्राला घरी बोलव. बाबांकडे एखादी खिळ्यांची पेटी, निदान खिळे जुळवायची जुनी स्टिक तरी असेलच, हे कंपोझिटर लोक काहीतरी ठेवून घेतात आठवण म्हणून. दोन्ही पोरांना त्यांच्यासमोर बसव आणि म्हण, आजोबा, यांची नावं जुळवून दाखवा. त्या मुलाचं नाव उलट्या अक्षरात एक-एक खिळा उचलून लावायला बाबांना पाच मिनिटं तरी लागतील. त्याने बाबा बदलतील असं मी म्हणत नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी पुन्हा तसलाच मेसेज टाकतील. मी पण त्या दोघी मुलींपैकी एकीकडून कॉम्प्युटर शिकायला लागले तेव्हाही मागून तिच्याबद्दल बोलतच होते, सात-आठ महिने. मग कधीतरी थांबले, कधी ते आठवत नाही.

मीटिंगला नवऱ्याला घेऊन जा, एकटी जाऊ नकोस, आणि पहिल्या पाच जणांत बोल. शेवटी बोललीस तर तोपर्यंत सगळ्यांचं ठरलेलं असतं. लोकांना मैदानापासून किंवा भाड्याच्या घरापासून असं अडवणं कायद्यात बसतं का, हे एखाद्या वकिलाला आधीच विचारून ठेव, कारण बऱ्याच कमिट्या नैतिकतेला ऐकत नाहीत पण नोटिशीला ऐकतात. आणि तरीही ठराव मतदानाला गेलाच तर तुझं विरोधी मत नावासकट मिनिट्समध्ये लिहून घ्यायला सांग, लिहिलंय का ते वाचून बघ, मगच उठ.

– मावशी